बीपीची गोळी चालू म्हणून न्यूमोनियाचा ट्रॅव्हल क्लेम नाकारला: आधी कलम विचारा

आधी स्वतःला सांभाळा, न्यूमोनियानंतर थकवा बरेच दिवस राहतो. परदेशात ॲडमिट व्हायचं, सगळं बिल स्वतः भरायचं आणि घरी आल्यावर हातात "प्री-एक्झिस्टिंग डिसीजमुळे (म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारामुळे) क्लेम अमान्य" असं दोन ओळींचं पत्र, संताप येणारच. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे बीपीची एकच गोळी, डोस बऱ्याच काळात बदललेला नाही आणि ॲडमिशन छातीच्या इन्फेक्शनसाठी, त्यावरून मला तरी ही केस लढण्यासारखी वाटते.

कस्टमर केअरला फोन करणं आता थांबवा, फोनवर बोललेलं नंतर कुणी मान्य करत नाही. ईमेल करा आणि विचारा की पॉलिसीतलं नेमकं कुठलं कलम लावलंत, कुठल्या कागदाच्या आधारावर, आणि न्यूमोनिया बीपीमुळे झाला असं कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय. "पॉलिसीच्या अटींनुसार" हे काही उत्तर नाही. एक्सक्लूजन, म्हणजे अमुक खर्च कव्हर नाही असं सांगणारं कलम, लागू होतं हे दाखवायचं काम साधारणपणे कंपनीचं असतं, तुमचं नाही, आणि कलमाची भाषा दोन अर्थांची असेल तर अनेक देशांत तिचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावतात. सोबत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, कॉपी मागा, आणि पॉलिसी फोनवर घेतली असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंगसुद्धा.

फॉर्म का, तर इथे दोन वेगळे मुद्दे असतात आणि पत्रात ते बरेचदा एकत्र कालवलेले असतात. एक म्हणजे आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेला खर्च कव्हर नाही, दुसरं म्हणजे तुम्ही आजार लपवलात. पहिल्याला उत्तर वैद्यकीय आहे, दुसऱ्याला उत्तर फॉर्मवरच्या प्रश्नात आहे. प्रश्न काय विचारला होता ते शब्दशः वाचा. "गेल्या काही महिन्यांत हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होतात का" एवढंच विचारलं असेल तर "नाही" हे खरंच उत्तर आहे. पण बीपी आहे का असं सरळ विचारलं असेल आणि "नाही" टिक केलं असेल तर अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो, तरी सगळं संपलं असं नाही, ब्रिटनमध्ये तर 2012 च्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली गेली आणि खरं सांगितल्यावर फक्त प्रीमियम वाढला असता, तर कंपनी क्लेम त्या प्रमाणात कमी करू शकते, सगळाच बुडवू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरांचं पत्र. इमर्जन्सीच्या नोंदीत "बीपीचा जुना पेशंट" अशी एक ओळ असते आणि क्लेम तपासणारा नेमकी तीच उचलतो, पुढची एक्स-रे आणि ब्लड रिपोर्टची पानं तशीच राहतात. म्हणून तिकडच्या ज्या डॉक्टरांनी ट्रीटमेंट दिली त्यांना लिहा, पण नुसतं "सर्टिफिकेट द्या" म्हणू नका, नेमके प्रश्न विचारा: निदान काय, लक्षणं कधी सुरू झाली, हे इन्फेक्शन बीपीमुळे झालं का, ॲडमिट करणं का गरजेचं होतं, ऑक्सिजन किती खाली गेला होता. इथल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून वेगळं पत्र घ्या की प्रवासाआधी बीपी कंट्रोलमध्ये होतं, डोस बदलला नव्हता. डिस्चार्ज समरी दुसऱ्या भाषेत असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्या. आणि कृपा करून कुणालाही बीपीचा उल्लेख काढून टाकायला सांगू नका, तो खरा आहे आणि तो तिथे राहूनही तुम्ही जिंकू शकता. पॉलिसीत आधीच्या आजारातून "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" उद्भवलेला खर्च असे शब्द आहेत का तेवढं बघा, असतील तर डॉक्टरांचं पत्र आणखी ठाम हवं.

हे सगळं जमलं की ईमेलच्या विषयातच "तक्रार" असं लिहून कंपनीच्या ग्रीव्हन्स विभागाकडे पाठवा, नुसतं "पुन्हा विचार करा" लिहिलं तर ते तक्रार म्हणून नोंदवलंच जाईल याची खात्री नसते आणि पुढची मुदत तिथूनच मोजतात. पॉलिसी कुठल्या देशातली आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. भारतातली असेल तर महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पुन्हा नकार आला की विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, एका वर्षाच्या आत, 50 लाखांपर्यंतच्या वादासाठी, फी नाही आणि वकील लागत नाही. मात्र तोच वाद आधीच ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल घेत नाही, त्यामुळे नातेवाईक "टाक केस" म्हणाले तरी क्रम ठरवून करा. ब्रिटनमध्ये अशा तक्रारींसाठी फायनान्शियल ऑम्बड्समन आहे, कंपनीला 8 आठवडे मिळतात आणि तिच्या अंतिम उत्तरापासून 6 महिन्यांत तुम्हाला जावं लागतं.

मधेच थोडी रक्कम देतो म्हणाले तर "फुल अँड फायनल" वर, म्हणजे यापुढे काही मागणी नाही अशा कागदावर, सही करू नका, जेवढी मान्य आहे तेवढी द्या आणि बाकीचा वाद चालू राहील असं लेखी कळवा. हॉस्पिटलचं काही बाकी असेल तर त्यांच्या बिलिंगलाही लिहा की क्लेमवर तक्रार चालू आहे, वसुलीला पाठवायच्या आधी थांबा, आणि आयटमवाइज बिल मागून घ्या, ते पुढेही लागणारच आहे.

नकाराच्या पत्रात कलमाचा नंबर दिला असेल तर तो आणि त्या कलमाचा पूर्ण मजकूर इथे टाका, नाव आणि पॉलिसी नंबर झाकून. तक्रारीचा मसुदा मी बघून देईन.