नंबर काढणारा कोण आणि डोळा तपासणारा कोण?

प्रश्न : मुलीला दुसऱ्यांदाही नीटमध्ये कमी गुण पडले. आता ती ऑप्टोमेट्रीला, म्हणजे नजर तपासण्याच्या पदवी अभ्यासक्रमाला, जायचं म्हणते. माझा आग्रह तिसऱ्या प्रयत्नाचा आहे. मला मधुमेह आहे, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. आमचा दुकानदार मशीनवर दहा मिनिटांत काढून देतो. त्यासाठी चार वर्षं शिकायचं? नातेवाइकांना काय सांगू? – एक पालक, बार्शी

उत्तर : पत्र वाचून मला मुलीच्या गुणांपेक्षा तुमच्या डोळ्यांची काळजी वाटली. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं आणि नंबर हलतो. तुम्ही दरवेळी काच बदलता, पण डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) कुणी पाहिलाय का? मधुमेहाने तो खराब होऊ लागतो तेव्हा दुखत नाही, सुरुवातीला दिसायलाही कमी होत नाही. म्हणून थेंब घालून, बाहुली मोठी करून दरवर्षी पडदा तपासायचा असतो. तपासला नसेल तर याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा.

तुमचा गैरसमजही इथेच आहे. दुकानदार, म्हणजे ऑप्टिशियन, चिठ्ठीप्रमाणे काच बनवून फ्रेममध्ये नेमकी बसवतो. कसबाचं काम आहे ते, पण डोळ्याची तपासणी वेगळी. मशीनचा आकडा हा अंदाज असतो. ऑप्टोमेट्रिस्ट तो माणसावर पडताळतो, डोळ्याचा दाब मोजतो, लहान मुलाचा आळशी डोळा (ज्याची नजर नीट तयार झालेली नाही असा) वेळेत ओळखतो, ज्यांना चष्म्यानेही नीट दिसत नाही त्यांना भिंगं देऊन वाचतं करतो. तुमच्यासारखा पेशंट आला की नंबर का हलतोय हे विचारून पुढे पाठवतो. औषधोपचार, लेसर, मोतीबिंदूचं ऑपरेशन हे नेत्रतज्ज्ञाचं काम. त्यासाठी एमबीबीएस आणि वर तीन वर्षांचं एमएस. तेव्हा मुलीला ऑपरेशनच करायचं असेल, तर ऑप्टोमेट्री हा त्याचा आडमार्ग नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा.

पण तिला काय करायचंय? तुमच्या पत्रात नातेवाईक आहेत, दुकानदार आहे, तिचं कारण कुठेच नाही. तिसरं वर्ष तिच्या आयुष्यातून जाणार आहे, नातेवाइकांच्या नाही. ‘डॉक्टर नाही तर काहीच नाही’ असं घरात रोज ऐकणारी मुलगी अभ्यासाला बसते ती भीतीने, आणि तसा अभ्यास होत नाही.

बी.ऑप्टोम, म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी, बारावी सायन्सनंतर, इंटर्नशिप धरून चार वर्षांचं. संलग्नता कुठल्या विद्यापीठाची आणि इंटर्नशिप कुठल्या नेत्ररुग्णालयात, हे दोन्ही लेखी विचारा. पेशंट न पाहता पदवी देणारं कॉलेज नको.

पडदा तपासायला जाताना तिला बरोबर न्या. डॉक्टरांची परवानगी मिळाली तर दिवसभर ओपीडीत बसू द्या, ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ अशा दोन्ही टेबलांवरचं काम पाहू द्या. संध्याकाळी तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका.