शेवटची एसटी कितीची?

मेलबर्नहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. भाऊ आचऱ्याकडच्या गावात कलमं सांभाळतो आणि बारा महिने पितो. गेल्या महिन्यात स्वतःहून म्हणाला, "माका सोडूची आसा." ताई लिहितात, "त्याच्यासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मिटिंग शोधायची आहे. पण मालवणात नको. बाबा तिथे हेडमास्तर होते, सगळे ओळखतात. कणकवली, सावंतवाडी, जितकं लांब तितकं बरं."

त्याला सोडायची आहे ना, मग एएत, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात, त्याला कुणी अडवणार नाही. 1935 साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांना सावरत बसले, तिथून हे सुरू झालं. आजही यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. आडनाव कुणी विचारत नाही.

पण "जितकं लांब तितकं बरं" वाचून मी कपाळाला हात लावला. माझ्या मामाने हेच केलं होतं. आम्ही गुहागरकडचे. घरात ठरलं की तालुक्यात शोभा नको, चिपळूणला जा. मिटिंग सहाला सुरू व्हायची, गावाकडची शेवटची एसटी पावणेसातला. दर आठवड्याला मामा साडेसहाला उठायचा. तीन महिने गेला, पण बोलायची पाळी यायच्या आत हा स्टँडवर. एकदा गाडीला अर्धा तास उशीर होता आणि स्टँडसमोर बार होता. पुढचं सांगायला नको.

मग मामीनेच घराजवळची मिटिंग शोधली, रिक्षाने वीस मिनिटांवर. शाळेतला दुसरीचा वर्ग, भिंतीवर पाढे, आणि सहा फुटी मामा त्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसलेला. पहिल्याच दिवशी समोर कोण, तर वाडीतला वायरमन! दोघांनी एकमेकांकडे बघून माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी वायरमन घरी मीटर बघायला आला तेव्हा चकार शब्द नाही, चहा पिऊन गेला. मिटिंगमधलं मिटिंगमध्येच राहतं, हे आजोबांना तेव्हा पटलं.

तेव्हा ताई, तुम्ही तिथे बसून गूगल मॅपवर किलोमीटर मोजू नका. आपल्याकडे खाडी आडवी आली की नकाशावरचं जवळ लांब होतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? भावाला एएच्या हेल्पलाइनला फोन करू दे. त्याची जीभ उचलत नसेल तर शेजारी आईला बसवा. जवळात जवळ कुठे, कोणत्या वारी, किती वाजता सुटते, हे विचारायचं. यादीत दिसली म्हणून थेट निघू नये, वेळा बदलतात. मिटिंग खुली की बंद तेही विचारा: बंदला फक्त सोडू इच्छिणारे बसतात, खुलीला घरचेही चालतात. त्या मुलखात मोबाइलची रेंज धड मिळत असेल तर ऑनलाइन मिटिंगाही आहेत, पण सुरुवात बाकावरच करावी असं माझं मत.

"दर महिन्याला त्याच्या खात्यात पैसे टाकते, ते थांबवू का?" असंही विचारलंत. थांबवा. त्यातले थोडे गावातल्या रिक्षावाल्याला द्या, महिन्याचे ठरवून. त्याने न्यायचं, बाहेर थांबायचं, घरी आणून सोडायचं. मामीने हेच केलं, भाताच्या पैशांतून.

एक गोष्ट मात्र आधी. सकाळपासून रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पहिला मुक्काम डॉक्टरांकडे, मग मिटिंग. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446. दाखल व्हायची वेळ आली तर पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय.

आणि तुम्ही? घरच्यांचे वेगळे गट असतात, ॲल-अनॉन, 1951 पासून. मेलबर्नला आहेत, जाऊन बसा. मीही टोरांटोत बसले होते, मामासाठी म्हणून गेले आणि स्वतःचंच रडून आले.

पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, तुम्ही लिहिलंय, "(गेल्या गणपतीत ड्यूटी फ्रीच्या दोन बाटल्या नेल्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी.)" अहो, त्या ओटीवर पाहुणा कोण आणि यजमान कोण! आपण चाकरमानी बॅगेतून काय काय नेतो, मीही नेलंय, म्हणून रागावायचा हक्क मला आहे. यंदा खजूर न्या.

पत्रात बाकी जे विचारलंत त्यातलं मुलीच्या मराठीचं पुढच्या वेळी बघू. सासूबाईंच्या व्हिसाला माझ्याकडे औषध नाही. सातबाऱ्यावर भावाचं नाव चढवायचं की नाही, ते सध्या फडताळात ठेवा. वहिनी माहेरी गेली आहे, तिला परत बोलवायला फोनही करू नका, ती यायची तेव्हा येईल.

आज रात्री आईला फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, संध्याकाळची परतीची शेवटची एसटी कितीची. ते कळलं की मला लिहा.