लाइटसेबरच्या द्वंद्वात हूल कुठे संपते आणि दगा कुठे सुरू होतो

तुमचा प्रश्न असा आहे: स्टार वॉर्स चित्रपटांमधले जेडाय, म्हणजे लाइटसेबर ही प्रकाशाच्या पात्याची तलवार चालवणारे योद्धे, स्वतःला सचोटीचे म्हणवतात, पण त्यांच्यातल्या ओबी-वानने त्यांच्या वैरी सिथांपैकी डार्थ मॉलला बेसावध गाठून कापलं आणि शत्रुसेनेच्या जनरल ग्रीव्हसला तर बंदुकीने मारलं. मग सिथांचं कपट आणि जेडायांची युक्ती यात फरक तो काय उरला?

फरक आहे आणि तो मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं. फक्त आपण तो चुकीच्या जागी शोधतो. तलवार कशी चालवली यावरून तो कळत नाही. लढायच्या आधी शब्द काय दिला होता आणि तो पाळला का, यावरून कळतो.

मी शाळेत चार वर्षं तलवारबाजी खेळले, सेबर प्रकारात. सरांनी पहिल्या दिवशी सलामी शिकवली आणि लगेच पुढच्या आठवड्यात हूल द्यायला शिकवलं. डोक्यावर वार येतोय असं दाखवायचं, समोरचीचं पातं वर गेलं की मोकळ्या कुशीवर मारायचं. यात कुणालाही काही गैर वाटत नाही, उलट चांगली हूल बसली की हरणारीसुद्धा मान डोलावते. पण सलामी द्यायला नकार दिला, तर नियमाप्रमाणे थेट काळं कार्ड, म्हणजे स्पर्धेतून बाहेर. तेव्हा मला हे विचित्र वाटायचं. फसवलं तर गुण मिळतो आणि तलवार कपाळापर्यंत उचलली नाही तर हकालपट्टी? आता कळतं. हूल ज्याला देतो त्याला आपण फसवले जाऊ शकतो हे ठाऊक असतं, तो त्यासाठी डोळे उघडे ठेवून उभा असतो. सलामी मात्र सांगते की आपण दोघं एकाच नियमाने लढणार आहोत. तीच खोटी निघाली तर पुढे खेळ उरतच नाही.

हे मनात ठेवून 2002 च्या चित्रपटातलं सिथ काउंट डूकू आणि जेडायांचा गुरू योडा यांचं द्वंद्व पुन्हा पाहा. जिओनोसिस ग्रहावरचं भुयार, बाजूला ओबी-वान आणि त्याचा शिष्य, पुढे डार्थ व्हेडर होणारा अ‍ॅनाकिन जखमी पडलेले. डूकू आधी फोर्सने, म्हणजे त्यांच्या अदृश्य शक्तीने, योडावर यंत्रं फेकतो, छताचे दगड पाडतो, विजा सोडतो. योडा सगळं परतवतो. मग डूकू स्वतःहून म्हणतो की फोर्सच्या ज्ञानावर हा निकाल लागणार नाही, तलवारीच्या कौशल्यावरच लागेल. तो रीतसर सलामी देतो. योडा अट मान्य करतो आणि पडद्यावर पहिल्यांदाच आपण त्याला लाइटसेबर हातात घेताना पाहतो. यात हरायची वेळ आल्यावर डूकू काय करतो? फोर्सने एक अवजड खांब खाली पडलेल्या दोघांच्या अंगावर ढकलतो. योडाला तलवार सोडून तो अधांतरी धरावा लागतो आणि तेवढ्यात डूकू पळून जातो.

माझ्या मते साऱ्या मालिकेतला सर्वांत नीच वार हाच, आणि तो तलवारीने केलेलाच नाही. अट डूकूने घातली आणि मोडलीही त्यानेच. शिवाय ज्यांच्यावर खांब पाडला ते या द्वंद्वात नव्हतेच. समोरच्याची तलवार कमी पडत नाही म्हटल्यावर त्याने त्याची माया वेठीला धरली. डूकू सगळ्या सिथांमध्ये खानदानी दिसतो, वक्र मुठीची देखणी तलवार, तोलून मापून पडणारी पावलं. म्हणूनच ते दृश्य मला अजूनही बोचतं.

आता मॉल. 1999 च्या चित्रपटात, नाबू ग्रहावर, तो ओबी-वानच्या गुरूला, क्वाय-गॉनला, मुठीच्या टोकाने हनुवटीवर ठोसा देतो आणि भान हरपलेल्या त्याच्या पोटातून पातं आरपार घालतो. अनेकांना हा रडीचा डाव वाटतो. आजच्या खेळात मूठ मारली तर शिक्षा होते हे खरं, पण युरोपातल्या पंधराव्या शतकातल्या तलवारीच्या पोथ्यांमध्ये मुठीचा ठोसा चित्रांसकट शिकवलेला आहे. जीव घेण्याच्या लढाईत तलवार पात्याच्या टोकापासून मुठीच्या बुंध्यापर्यंत तलवारच असते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. त्याआधी टॅटूइन ग्रहाच्या वाळवंटात क्वाय-गॉनने मॉलच्या दुतोंडी तलवारीचं एकच पातं पाहिलं होतं. दुसरं पातं मॉल ऐन लढाईत पेटवू शकला असता आणि कदाचित तिथेच एकाचा जीव गेला असता. पण नाबूवर तो पहिला वार व्हायच्या आधी, क्वाय-गॉन आणि ओबी-वान या दोघांच्या समोर, दोन्ही पाती पेटवतो. वर एकटा दोघांशी लढतो. मॉल क्रूर आहे, पण त्या दालनात तो दगाबाज मुळीच नाही, एवढं श्रेय मी त्याला देते.

म्हणून ओबी-वानची उडीही दगा ठरत नाही. तो त्याच दालनातल्या खड्ड्याच्या भिंतीला लोंबकळतोय, मॉलने त्याची तलवार लाथेने खाली ढकलली आहे आणि काठावर पातं घासून ठिणग्या पाडत तो मजा बघतोय. शरण आल्याचं ओबी-वानने सांगितलेलं नाही, दयेची भीकही मागितलेली नाही. गुरूची तलवार फोर्सने ओढून तो मॉलच्या डोक्यावरून उडी मारतो आणि त्याला कापतो. मॉल गाफील राहिला हा मॉलचा दोष. गंमत अशी की क्षणभर आधी ओबी-वान रागाने वार करत होता तेव्हाच तो हरत होता. उडी मारण्यापूर्वी तो शांत होतो, हे नीट बघा.

ग्रीव्हसचं उत्तर याहून सोपं आहे. चार हातांत चार लाइटसेबर फिरवत त्याने द्वंद्व सुरू केलं खरं, पण तो स्वतःच ते सोडून पळाला. पाठलागात ओबी-वानची तलवार पडली. मग पळपुट्याच्या पडलेल्या बंदुकीने त्याच्याच छातीत गोळ्या घातल्या तर कुठला शब्द मोडला? तरीही ओबी-वान ती बंदूक किळस आल्यासारखी फेकून देतो. ते मला आवडतं.

पण तुम्ही ओबी-वानला धारेवर धरलंच आहे, तर त्याची खरी चूक दुसरीकडे आहे. 1977 च्या चित्रपटात तो व्हेडरच्याच मुलाला, ल्यूकला, आपल्या घरात बसवून सांगतो की तुझ्या वडिलांना व्हेडरने मारलं. आपल्याकडच्या माणसाला इथे ‘नरो वा कुंजरो वा’ आठवणारच. शब्द असे निवडलेले की सांगणारा खोटारडा ठरू नये आणि ऐकणारा मात्र फसावा. युधिष्ठिराचा रथ त्या एका वाक्याने जमिनीला टेकला. इथे किंमत ल्यूकने मोजली. 1980 च्या चित्रपटात व्हेडर ढगांमधल्या नगरात त्याच्यासाठी सापळा लावतो, आधी एका हाताने लढतो, मग चहूबाजूंनी लोखंडी सामान भिरकावतो आणि शेवटी त्याचा उजवा हात तोडतो. पण पिता मीच आहे हे खरं सांगणारा पहिला माणूस तोच. ल्यूकचा हात तलवारीने गेला, पण त्याच्या पायाखालची जमीन आपल्याच माणसाने लपवलेल्या सत्यामुळे सरकली. याची सफाई ओबी-वान पुढे ‘एका दृष्टीने खरंच होतं’ अशी देतो, ती मला आजही पटत नाही.

सिथांचा म्होरक्या पॅल्पटिन तर सगळं शब्दांनीच करतो. 2005 च्या चित्रपटात त्याच्याच सांगण्यावरून अ‍ॅनाकिन दोन्ही हात तुटलेल्या, निःशस्त्र डूकूचं डोकं उडवतो. पुढे जेडाय मेस विंडूसमोर पॅल्पटिन ‘मी फार अशक्त झालोय’ म्हणून विव्हळतो आणि अ‍ॅनाकिनने विंडूचा हात तोडल्याबरोबर त्याच अशक्त बोटांतून वीज बाहेर पडते. ती हूल विंडूसाठी नव्हतीच. ती बाजूला उभ्या असलेल्या, लढाईत नसलेल्या मुलासाठी होती. डूकूचा खांब आणि हे विव्हळणं, माझ्या लेखी एकच.

शेवटी एक विनंती. ‘रिबेल्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतला 2017 चा ‘ट्विन सन्स’ हा भाग जरूर बघा. मॉल नाबूवरच्या त्या खड्ड्यात पडूनही वाचलेला असतो आणि अनेक वर्षांनी टॅटूइनवर म्हाताऱ्या ओबी-वानला शोधून काढतो. ओबी-वान एकामागून एक पवित्रे बदलतो आणि अखेर क्वाय-गॉनच्या पवित्र्यात उभा राहतो. आमचे सर याला आमंत्रण देणं म्हणायचे, मुद्दाम दार उघडं दाखवायचं. मॉल त्या दारातून शिरतो, अगदी तोच मुठीचा ठोसा घेऊन, आणि या वेळी ओबी-वान मुठीसकट त्याला कापतो. तीन वारांत सारं संपतं. हूल दिली ती तलवारीने, आणि मॉलला ती ओळखण्याची पुरेपूर संधी होती.

मग ओबी-वान कोसळणाऱ्या मॉलला हातांवर झेलतो. मरता मरता मॉल विचारतो, तू ज्याला (म्हणजे ल्यूकला) जपतोयस तोच भविष्यवाणीतला निवडलेला आहे का? ओबी-वान जे मनापासून मानतो तेच सांगतो, की हो, तोच. आयुष्यभराच्या वैऱ्याला त्याने पूर्ण उत्तर दिलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी ल्यूक त्याच्या घरात बसून वडिलांबद्दल विचारतो, आणि त्या पोराला तो अर्धंच उत्तर देतो.