बॅटरी मॉनिटरचा रिले: टक्के लावण्याआधी वही तपासा

व्हिक्ट्रॉन कंपनीच्या बीएमव्ही-७१२ या बॅटरी मॉनिटरमधल्या रिलेबद्दल इतके प्रश्न साठलेत की आज बाकी सगळं बाजूला ठेवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: शंटमधून (बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत बसवलेला, करंट मोजायचा तुकडा) किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले याचा हिशोब हा मॉनिटर आपल्या वहीत ठेवतो, त्यावरून बॅटरी किती टक्के भरलीय ते दाखवतो, आणि आत एक छोटा रिले आहे तो आपण सांगू त्या टक्क्याला चालू-बंद करतो.

प्रश्न: गुहागरजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्युब्युलर बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, वर सोलर. जनरेटर आपोआप चालू व्हावा म्हणून रिले जोडला, पण एकदा चालू झाला की थांबायचं नावच घेत नाही, डिझेल नुसतं जळतंय. काय चुकलं?

दादा, चुकलं काहीच नाही, तुम्ही फॅक्टरी सेटिंग तसंच ठेवलंय. रिले लो एसओसी (एसओसी म्हणजे बॅटरी किती टक्के भरलीय तो आकडा) ५० आणि क्लिअर ९०, म्हणजे ५० च्या खाली गेलं की रिले लागणार आणि ९० च्या वर गेल्याशिवाय सुटणार नाही. आता तुमच्या ट्युब्युलरसारखी लेड अ‍ॅसिड बॅटरी ८० पर्यंत भराभर करंट घेते आणि मग हात आखडता घेते, शेवटच्या २० टक्क्यांना तासन्‌तास लागतात आणि तेवढा वेळ तुमचा डीजी (डिझेल जनरेटर) जवळजवळ रिकामाच धडधडत असतो. ४५ ला चालू, ८० ला बंद असं ठेवा. ३५ टक्के म्हणजे साधारण ५२ एएच, चार्जर १५ अँपिअरचा असेल तर साडेतीन तास, घरातला लोड आणि बॅटरीतला लॉस धरून चार-साडेचार. उरलेलं सोलर सावकाश भरेल.

रिलेचा मोड 'चार्जर' ठेवा. मिनिमम क्लोज्ड टाइम ६० मिनिटं द्या म्हणजे डीजी पाच मिनिटांत चालू-बंद होणार नाही. आणि लो व्होल्टेज रिले शून्यावर असेल (शून्य म्हणजे ते बंद), तिथे ४५ व्होल्ट टाका. टक्क्यांचा हिशोब कधी चुकला तर व्होल्टेज तरी डीजीला उठवेल. फार वर ठेवू नका, नाहीतर पंपाची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबतं आणि डीजी उगाच उठतो.

अजून एक, हा रिले म्हणजे फक्त कोरडा संपर्क, स्वतः वीज देत नाही, नुसत्या दोन तारा जोडतो-तोडतो. सेल्फ मारणं, चोक, तेलाचा दाब बघणं हे काम एएमएफ पॅनेलचं (जनरेटर आपोआप चालू-बंद करणारं पॅनेल). दोरी ओढायच्या जनरेटरला हे जमणार नाही.

आणि कपॅसिटी बदललीत ना? फॅक्टरीत २०० टाकलेली असते, तुमची १५० आहे.

प्रश्न: पुण्यात कॅम्परव्हॅन बनवतोय, १०० एएच लिथियम. फ्रिज ३० टक्क्यांना बंद आणि ५० ला परत चालू हवा. मी ३० आणि ५० टाकलं तर उलटंच होतंय, बॅटरी उतरली की फ्रिज चालू होतो!

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. रिलेचा मूळ स्वभाव असा की एसओसी खाली गेला की जोडायचं, कारण त्याच्या डोक्यात जनरेटर आहे. तुम्हाला तोडायचंय, म्हणून इन्व्हर्ट रिले चालू करा, ३० आणि ५० तसेच राहू द्या. ३० च्या खाली उघडेल, ५० च्या वर मिटेल, मधे असताना जसा होता तसाच राहील. ही मधली दरी मुद्दाम असते, ३० आणि ३१ टाकलंत तर फ्रिज बंद झाल्या झाल्या सोलरने एक टक्का भरला की परत चालू, असं दिवसभर चालेल.

पण फ्रिजची वायर थेट रिलेतून नेऊ नका. हा रिले फक्त ६० व्होल्ट १ अँपिअरचा आहे आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चार-पाच अँपिअर ओढतो, सुरू होताना जास्तच, संपर्क चिकटून बसतील. गाडीचा साधा ३० अँपिअरचा रिले मधे घालता येतो, त्याच्या कॉइलला उलटा डायोड लावा, पण ती कॉइलच साधारण ०.१५ अँपिअर खाते, २४ तासांत ३.६ एएच फुकट. त्यापेक्षा बॅटरीप्रोटेक्ट (व्हिक्ट्रॉनचाच, लोड तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या, त्याच्या रिमोटच्या दोन पिनांमधला जंपर काढून तिथे बीएमव्हीचा रिले जोडा, करंटचा भार तो सोसेल. फक्त त्याच्यामागे इन्व्हर्टर लावू नका, आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि बॅटरीप्रोटेक्टला ते शॉर्टसर्किट वाटतं. इन्व्हर्टरला स्वतःचं रिमोट ऑन-ऑफ असेल तर ते वापरा.

लिथियम आहे म्हणून प्युकर्ट (जास्त करंट ओढला की बॅटरी किती लवकर उतरते तो आकडा) १.०५ आणि चार्ज एफिशियन्सी ९९ करायला विसरू नका, फॅक्टरीतले १.२५ आणि ९५ हे लेड अ‍ॅसिडचे आकडे आहेत.

प्रश्न: दुपारी बॅटरी भरली की जास्तीच्या सोलरवर २ किलोवॅटचा गीझर चालवायचाय, सिस्टिम २४ व्होल्ट, ट्युब्युलर.

जमतं. इन्व्हर्ट चालू, लो ९२, क्लिअर १००, आणि रिलेने २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर (मोठा भार सोसणारा रिले) ओढायचा. २३० व्होल्ट त्या चिमुकल्या रिलेला दाखवूसुद्धा नका. क्लिअर ९० वगैरे ठेवण्याचा मोह होईल, पण मग बॅटरीचं शेवटचं भरणं गीझर रोज खाणार आणि वर्षभरात प्लेटा सल्फेट होणार. ढग आला तर गीझर बॅटरीतूनच ८३ अँपिअरच्या वर ओढेल हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात मी तर हे सरळ बंदच ठेवीन.

प्रश्न: मॉनिटर ९७ टक्के दाखवत होता आणि घरात अंधार झाला. रिले लागलाच नाही. मॉनिटर खराब आहे का?

नसावा काका. माझ्याकडे अगदी असंच झालं होतं. ९७ टक्के, आणि बल्ब पिवळे पडलेले. बॅटरीजवळ टॉर्च घेऊन वाकलो तर निगेटिव्ह टर्मिनलवर दोन लग दिसले, एक शंटकडे जाणारा, दुसरा सरळ इन्व्हर्टरचा. मिस्त्रीने केबल आखूड पडली म्हणून तिथेच आवळून टाकला होता. म्हणजे इन्व्हर्टरने घेतलेला एकही अँपिअर वहीत चढत नव्हता. बॅटरीच्या निगेटिव्हला शंट सोडून दुसरी वायर नको, आधी ते बघा.

दुसरं, मधे कधी बॅटरी सोडवली होती का? 'बॅटरी स्टार्ट्स सिंक्रोनाइझ्ड' हे सेटिंग चालू असतं, त्यामुळे वीज तुटून परत आली की मॉनिटर डोळे झाकून १०० म्हणतो, बॅटरी ४० ला असली तरी. ते बंद करा. मग पहिल्यांदा पूर्ण भरेपर्यंत आकडाच दाखवणार नाही, पण थाप तरी मारणार नाही. आणि जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा बॅटरी पूर्ण भरतच नाही, रोजची छोटी चूक साठत जाते, म्हणून अशा वेळी पंधरा दिवसांतून एकदा तरी डीजी लांबवून १०० करा.

प्रश्न: स्मार्टशंट घेतलाय, रिलेच्या पिना सापडत नाहीत.

नाहीतच त्या. स्मार्टशंट म्हणजे व्हिक्ट्रॉनचाच बिनपडद्याचा मॉनिटर, त्याला रिले नसतो, तो हवा तर ७१२ घ्या. आणि घेतलात, ब्लूटूथचा पिन ०००००० असेल, तर तो पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर होमस्टेच्या अंगणातून कोणीही पाहुणा मोबाईलवर तुमचे टक्के फिरवू शकतो.