बांदा की पेडणे? सीमेवर घर करण्याआधीचे प्रश्न

सिंधुदुर्गातून गोव्यात आणि गोव्यातून सिंधुदुर्गात घर हलवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांनी भाडं, पेट्रोल आणि बाजारभाव यांची तुलना केली आहे. ती करायलाच हवी. पण राज्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की खरा फरक पडतो तो कागदांना. कुठल्या राज्यात तुमची किती वर्षं मोजली गेली, यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात.

प्रश्न : पर्वरीत नोकरी लागली आहे, सावंतवाडीत स्वतःचं घर आहे. रोज ये-जा करावी की गोव्यात भाड्याने राहावं?

आधी हिशेब मांडा. एका बाजूचं अंतर पन्नासेक किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,५०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे १६७ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे लिटरचे शंभर रुपये धरले तर १६-१७ हजार. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलला हाच खर्च पाच हजारांत भागतो, पण जून ते सप्टेंबर महामार्गावर रात्री दुचाकीने परतणं आम्ही कुणाला सुचवणार नाही. पेट्रोल गोव्यातच भरा. तिथला कर कमी असल्याने लिटरमागे काही रुपये वाचतात.

कारने एकट्याने जाणार असाल, तर भाड्याची खोली बहुधा स्वस्त पडेल. तिघं-चौघं मिळून एका गाडीने जाणार असाल, तर घर सोडू नका. मधला मार्ग बांद्याचा आहे : भाडं महाराष्ट्रातलं, आणि एका फेरीत दहा-बारा किलोमीटर वाचतात. गोव्याच्या पेडणे तालुक्यात मात्र जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून मागणी वाढली आहे. जुने भाव धरून बेत आखू नका.

व्यवसाय कर नोकरीच्या ठिकाणावर ठरतो आणि गोव्यात तो नाही. महाराष्ट्रात पगारदाराचे वर्षाला कमाल २,५०० रुपये जातात. विजेतही फरक आहे. गोवा वीज खात्याचा पहिल्या शंभर युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास असतो, तर महावितरणचा दर वहन आकार धरून त्याच्या दुपटीहून जास्त होतो.

भाडेकराराची रीतही वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. गोव्यात ११ महिन्यांचा नोटरी केलेला करार सर्रास चालतो. तो भाड्यापुरता पुरतो. पण पुढे वास्तव्य सिद्ध करायची वेळ आली तर एवढा कागद अपुरा पडतो. म्हणून भाडं बँकेतूनच द्या, आणि घरमालकाने पोलिसांत दिलेल्या भाडेकरू पडताळणीच्या अर्जाची पोच मागून घेऊन जपून ठेवा.

प्रश्न : गाडी एमएच-०७ आहे. गोव्याचा नंबर घ्यावाच लागतो का?

गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. रोज ये-जा करून गाडी रात्री सावंतवाडीतच उभी राहत असेल तर ही अट लागू होत नाही. अशा वेळी घरचा पत्ता दाखवणारा कागद गाडीत असू द्या.

मुक्काम हलवला असेल तर क्रम असा. कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. नंतर सगळी ई-चलनं भरून टाका, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात. मग ओरोसच्या आरटीओत नमुना २८ भरून एनओसी घ्या; त्यावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. एनओसी हातात आली की दिरंगाई करू नका, मुदत उलटली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गोव्यात नमुना २७ भरून उरलेल्या आयुष्याचा रस्ता कर भरायचा आणि नवं आरसी आल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करायचा. परताव्यासाठी मूळ कर पावती हवी. खूप जण ती विक्रेत्याकडेच ठेवून येतात आणि पैसे अडकतात.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. आताच गोव्यात हलवावं का?

नाही. तिची बारावी होईपर्यंत तिला महाराष्ट्रातच ठेवा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. सैन्य, केंद्र सरकार यांच्या बदल्यांसारखे मोजके अपवाद आहेत. खासगी नोकरीसाठी राज्य बदललं तर ती सवलत नाही. दुसऱ्या बाजूला गोव्याच्या राज्य कोट्याला तिथल्या दीर्घ वास्तव्याची अट आहे. म्हणजे नववीत हलवलेलं मूल दोन्हीकडून सुटतं आणि त्याच्या हाती फक्त अखिल भारतीय १५ टक्के कोटा आणि खासगी, अभिमत महाविद्यालयं उरतात. सीमेलगतच्या गावांत ही चूक नेहमी होते, कारण शाळेची बस दारात येते आणि दहावीपर्यंत कुणी काही बोलत नाही. अभियांत्रिकीला महाराष्ट्राचे नियम थोडे सैल आहेत. आईवडिलांच्या अधिवासावरही पात्रता मिळू शकते.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गाचं आरक्षण राज्यापुरतं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे की, स्थलांतर केल्याने मूळ राज्यातला दर्जा नव्या राज्यात आपोआप मिळत नाही. जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी हेच लागू होतं. दाखला घेऊन पणजीला गेल्यावर हे कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मूल प्राथमिकमध्ये असेल आणि तुम्ही गोव्यात कायमचे राहणार असाल, तर उलट लवकर हला. गोवा सरकारच्या नोकरीसाठी मामलेदाराकडून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो आणि कोकणीचं ज्ञान लागतं. महाराष्ट्राच्या अधिवासालाही १५ वर्षंच लागतात. घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. वर्ष बदलताना वेळापत्रकही पाहा : गोव्यात २०२५ पासून वरचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्याकडे शाळा जूनमध्ये. जूनमध्ये गेलेल्या मुलाचे एप्रिलमधले धडे बुडालेले असतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर छोटं घर घ्यायचं आहे. गोव्यातल्या बार्देशात जुनं घर आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात जमीन, असे दोन पर्याय आले आहेत. काय तपासावं?

बार्देशचं आधी. तिथे सातबारा नाही, नमुना १ आणि १४ चा उतारा असतो. त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क हे तिन्ही रकाने वाचा. मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं, नाव असेल तर त्याचं घर १९७५च्या कायद्याने सुरक्षित आहे. त्याला उठवून देण्याचं दलालाचं आश्वासन मानू नका. कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीची, जमीन असेल तर तिथेच थांबा.

मग वारसांचा प्रश्न. गोव्यातल्या कुटुंबांना पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू आहे. लग्नात वेगळा करार झाला नसेल, तर पतिपत्नीची मिळकत निम्मी-निम्मी असते. म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसलेलं खरेदीखत पुढे टिकत नाही. चार भावांपैकी एकाची पत्नी परदेशात असेल, तर तिचंही मुखत्यारपत्र लागेल. मालक वारला असेल तर वारसापत्र किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीच्या न्यायालयीन कामाचा) निकाल मागा. नुसती नोटरीची प्रतिज्ञापत्रं पुरत नाहीत. जुन्या घराच्या बाबतीत बऱ्याचदा किंमत ठरवण्यापेक्षा जास्त वेळ या कामात जातो. सहा महिने धरून चला.

मोकळी जमीन असेल तर नगर नियोजन खात्याचा झोन दाखला आणि सनद, म्हणजे बिनशेतीची परवानगी, पाहा. झोन अलीकडेच बदलून घेतलेला असेल तर दूर राहा; असे बदल न्यायालयात गेले आहेत. भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला २०२३च्या कायद्याने बंदी आहे. नोंदणी शुल्कातही मोठी तफावत आहे : महाराष्ट्रात ते १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये असतं, गोव्यात किमतीच्या टक्केवारीने आकारलं जातं आणि ते तीन टक्क्यांच्या आसपास किंवा वर जातं. साठ लाखांच्या घरावर एवढ्यानेच दीड लाखाच्या आसपास फरक पडतो.

दोडामार्गात पहिला प्रश्न : तुम्ही शेतकरी आहात का? नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. बिनशेती भूखंडच शोधा. असाल, तरी तुकडेबंदी, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकायची मनाई, पाहा. २०२३पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. शेतातले तीन गुंठे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, तरी सातबाऱ्यावर नाव चढत नाही. त्यात या भागात सातबारा सामाईक असतो, वीस-पंचवीस नावं एकत्र. एका हिस्सेदाराकडून घेतलेला ‘अमुक आंब्याखालचा तुकडा’ म्हणजे प्रत्यक्षात न वाटलेला हिस्सा. आधी पोटहिस्सा मोजणी, मग पैसे. वनसंज्ञेचा, म्हणजे जमीन वन मानली गेल्याचा, शेरा आहे का, हेही तपासा. तो असेल तर झाड तोडणं आणि बांधकाम दोन्ही अडतं. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीतल्या, जमिनींचा प्रश्न आहे. तिथे वैयक्तिक मालकी कागदावर आली आहे याची खात्री केल्याशिवाय इसार देऊ नका.

दोन्ही राज्यांत आमचा कल? कागद स्वच्छ असतील तर बांदा, सावंतवाडी परिसरातला बिनशेती भूखंड. कमी पैशात जास्त जागा मिळते, आणि वाद झालाच तर निदान कागद ओळखीच्या भाषेतला असतो.

प्रश्न : आईवडील सत्तरीपार आहेत. दवाखान्याच्या दृष्टीने कुठे बरं?

अंतराच्या दृष्टीने गोवा. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय सावंतवाडीकरांना कोल्हापूरपेक्षा जवळ आहे, आणि आंबोली घाट चढावा लागत नाही. पण गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे २०१८पासून शुल्क लागतं, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच मिळतं. म्हणून महाराष्ट्रातल्या उपचारांच्या सवलती टिकाव्यात यासाठी हलल्यावर लगेच तिथली शिधापत्रिका रद्द करण्याची घाई करू नका असं पुष्कळजण सांगतात. ते चुकीचं आहे, कारण दोन राज्यांत शिधापत्रिका ठेवणं नियमबाह्य आहे. त्यापेक्षा आईवडिलांचा मुक्काम सिंधुदुर्गातच ठेवा, किंवा त्या पाच वर्षांसाठी आरोग्य विमा घ्या. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड दोन्ही राज्यांतल्या संलग्न रुग्णालयांत चालतं, ते आधारवर आधीच काढून घ्या.

प्रश्न : गोव्यातून सामान हलवताना घरातल्या दारूच्या बाटल्या नेता येतात का?

महाराष्ट्राच्या परवान्याशिवाय नाही. सीमेजवळच्या इन्सुली नाक्यावर टेम्पो तपासला जातो आणि बाटल्यांसोबत वाहनही जप्त होऊ शकतं. घरसामानाच्या टेम्पोत एकही ठेवू नका.