फळबागेत ओळींच्या मध्ये गवत आणि क्लोव्हर पेरले तर झाडांचे खत-पाणी पळते का?

तुमची बाग दोन वर्षांची आहे, ओळींमधली जागा रोटाव्हेटर मारून स्वच्छ ठेवता, आणि तिथे गवत आणि क्लोव्हर (तीन-तीन पानांचे शेंगवर्गीय चारापीक) पेरले तर ते झाडांचा घास पळवतील अशी शंका आहे. शंका रास्त आहे. पळवतातच. फक्त कुठे पळवू द्यायचे हे आपल्या हातात असते.

मी पहिल्यांदा पेरले ते थेट खोडापर्यंत. त्या हंगामात झाडे जागची हलली नाहीत, पाने पिवळट पडली. कारण साधे होते : गवताची मुळे वरच्या थरात जाळे करतात आणि कोवळ्या झाडाची खाणारी मुळेही तिथेच असतात. आता खोडाच्या दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर पट्टी मोकळी ठेवतो, तिच्यावर पालापाचोळा पसरतो आणि फक्त मधल्या पट्टीत पेरतो. पालापाचोळा खोडाला टेकवू नका, उंदीर आत राहून साल कुरतडतात.

क्लोव्हर आहे म्हणून लगेच खत बंद करू नका, ही चूकही माझी करून झाली आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात हे खरे, पण तो आधी क्लोव्हरच्याच अंगी लागतो. झाडाला मिळतो तो बहुतेक पाने आणि मुळे कुजल्यावर. म्हणून कापणी महत्त्वाची, आणि कापलेला पाला मधे न सोडता झाडांच्या पट्टीत टाकायचा. गाठी काम करतात का ते पाहायला एक रोप हलक्या हाताने उपटा आणि गाठ फोडा. आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. पेरताना बियाण्याला क्लोव्हरचेच रायझोबियम (गाठी करणाऱ्या त्या जिवाणूंचे खत) चोळा, सोयाबीनचे चालत नाही.

पांढरा क्लोव्हर घ्या. तो जमिनीलगत पसरतो, कापला तरी फुटतो, चाकाखालीही तग धरतो. लाल क्लोव्हर उंच जातो, ओळींमध्ये अडचण करतो. बी अगदी बारीक असते, एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की उगवण गेली. मधल्या पट्टीत नत्र खत पडले की गवत माजते आणि क्लोव्हर मागे हटतो. गवत उंच वाढू दिले तरी सावलीने तेच होते.

फळझाडे फुलोऱ्यात येण्याआधी एक कापणी करा, नाहीतर मधमाश्या खालच्या फुलांवरच रमतात. आणि क्लोव्हर फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका, आधी फुले कापा.

पांढऱ्या क्लोव्हरची मुळे उथळ असतात, त्यामुळे कोरड्या कडक उन्हात तो कोमेजून बसतो. झाडांनाच पाणी जेमतेम पुरत असेल तर पेरायच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात आपसूक उगवते ते गवत वाढू द्या, बी धरण्याआधी कापा आणि झाडांखाली टाका. एवढ्यानेही माती वाहून जाणे थांबते, शिवाय रोटाव्हेटरने मुळे तुटणे आणि खाली कडक थर बसणे टळते.

तुमच्या जागी मी असतो तर यंदा एक ओळ सोडून एक ओळ पेरली असती. पेरलेल्या आणि कोऱ्या ओळींतल्या फांद्यांची वाढ हंगामाअखेर मोजली, की उरलेल्या ओळींचे काय करायचे ते तुम्हीच ठरवाल.