आधी वही घे, मग तक्रार लिहू

प्रिय बाळा,

काल फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहून पाठवायचं. वसुलीवाल्याने तुझ्या ताईला फोन करून "तुमची बहीण चोर आहे" म्हटलं, ऑफिसात साहेबांनाही फोन गेला, आणि तू मलाच म्हणालीस, "काका, हप्ते मीच थकवलेत ना." थकवलेस, ते द्यायचेच आहेत. पण देणं राहिलं म्हणून ताईला वाट्टेल ते बोलायचा हक्क कुणाला मिळत नाही. हे दोन हिशेब वेगळे आहेत. हप्त्याला मुदत मागायची तर त्याचं पत्र वेगळं लिही, तक्रारीत ते मिसळू नकोस.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात हे स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास, यातलं काहीच चालत नाही. एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा कंपनीचीच. "तो आमचा माणूस नाही" असं कुणी म्हणालं तर तिथे थांबू नकोस.

आता एक शंभर पानी वही घे. प्रत्येक फोनची नोंद त्याच दिवशी कर, अशी: "३ तारीख, रात्री ९.४०. नंबर अमुक. नाव विचारलं, सांगितलं नाही. 'उद्या तुझ्या गल्लीत येऊन बोंबलतो' म्हणाला. चार मिनिटं." शब्द जसेच्या तसे लिही. लाज वाटते म्हणून "अपशब्द वापरले" एवढंच लिहिलंस, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. शिवी त्याने दिली आहे, लाज त्याला वाटू दे. मेसेजचे स्क्रीनशॉट काढ, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे.

पहिली तक्रार कर्ज देणाऱ्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने. हे मी ठेच खाऊन शिकलो. आमच्या घरच्या कर्जाच्या वेळी मी रागाच्या भरात चार पानं लिहून थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवली होती. आधी बँकेकडे तक्रार केलीच नव्हती, म्हणून ती परत आली. तेवढे दिवस फुकट गेले आणि फोन चालूच राहिले. तू एक पानच लिही: कर्ज खाते क्रमांक, वहीतल्या नोंदी, आणि मागणी. घरच्यांना आणि ऑफिसात फोन बंद करा, एजन्सीचं नाव कळवा, काय कारवाई केली ते लेखी सांगा. तक्रार क्रमांक जपून ठेव.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राकडे पोस्टानेही पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या मदत क्रमांकावर विचार.

पण मारायची धमकी आली, कुणी दारात येऊन उभं राहिलं, तर तीस दिवस थांबायचं नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेऊनच बाहेर ये. "हा देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळेल. शांतपणे सांग, "साहेब, मी कर्जाबद्दल नाही, धमकीबद्दल आलेय." फोटोत फेरफार करून पाठवायला लागले तर त्याच क्षणी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक लाव.

तुझ्या मैत्रिणीने ॲपवरून पैसे घेतलेत म्हणालीस. त्या ॲपमागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा वित्त कंपनी आहे का, ते तिला आधी बघू दे. नसेल तर लोकपालाचा उपयोग नाही. बेकायदा पैसे गोळा करणाऱ्यांविरुद्धचं रिझर्व्ह बँकेचं सचेत पोर्टल आणि सायबर पोलीस हाच तिचा रस्ता. आणि मामाचं सावकाराचं प्रकरण असेल तर ते तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात जातं. महाराष्ट्राचा २०१४चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

ईमेलचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मी वाचून देतो. आणि ताईला आजच सांग, त्या फोनची नोंद तिच्या मोबाईलमध्ये अजून असेल, तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेव. जुने कॉल यादीतून निघून जातात.

तुझा,
काका